नगरपंचायतीला पहिल्यांदा उभे राहताय? मग बॅनर नंतर, आधी मतदार यादी

आपल्या कोकणात निवडणुकीची हवा आली की चौकात चार जण बसतात, चहा होतो, आणि त्यातला एक जण म्हणतो की यंदा आपल्या वाडीतून तूच उभा राहा, आम्ही आहोत मागे. झालं, उमेदवार तयार. दुसऱ्या दिवशी बॅनरचं डिझाईन, तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर 'भावी नगरसेवक' असा फोटो, आणि कागद गोळा करायची आठवण होते तेव्हा अर्ज भरायला दोन दिवस उरलेले असतात. मी स्वतः कधी उभा राहिलेलो नाही, पण दोस्तमंडळींच्या फायली सांभाळायचं काम बऱ्याच निवडणुकांत केलंय, म्हणून हा लेख त्यांच्यासाठी ज्यांना खरंच उभं राहायचंय आणि ज्यांच्या घरात याआधी कोणी उभं राहिलेलं नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या राजकारण आहे त्यांनी नाही वाचला तरी चालेल.

आता लगेच कोणाच्या कामाचा आहे ते सांगतो. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, गुहागर, देवरुख, लांजा आणि तिकडे मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, कणकवली यांचं मतदान डिसेंबर २०२५ मध्ये होऊन गेलं. पण दापोली, मंडणगड, कुडाळ, देवगड-जामसंडे, वैभववाडी, दोडामार्ग इथल्या नगरपंचायतींचं मतदान डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये झालेलं, म्हणजे पाच वर्षांचा हिशोब लावला तर २०२७ च्या आसपास त्यांचा नंबर. रायगडातल्या म्हसळा, तळा, पोलादपूर, माणगाव वगैरे पण त्याच बॅचचे. तर या गावांतल्या लोकांनी आत्तापासून हलायला हरकत नाही, आणि बाकीच्यांनी पुढच्या वेळेसाठी वाचून ठेवा.

आधी आकडा समजून घ्या

नगरपंचायतीत १७ जागा असतात आणि एका प्रभागातून एकच सदस्य. नगरपरिषदेत एका प्रभागातून साधारण दोन, म्हणजे मालवण वेंगुर्ल्यासारख्या 'क' वर्ग (लोकसंख्येने सगळ्यात लहान) परिषदेत २० सदस्य, चिपळूणला २८, रत्नागिरीला ३२. शिवाय नगराध्यक्ष वेगळा, तो आता थेट लोकांमधून. २०२१-२२ ला ज्या नगरपंचायती झाल्या तिथे नगराध्यक्ष सदस्यांनी निवडला होता, मग २०२२ मध्ये कायदा परत बदलला, त्यामुळे तिथल्या मतदाराला पुढच्या वेळी एक बटण जास्त दाबायचंय, आणि हे तुम्हालाच घरोघर समजवावं लागणार.

आता १७ ने गावाची लोकसंख्या भागा. दापोलीची २०११ ची लोकसंख्या पंधरा हजारांच्या थोडी वर, म्हणजे एका प्रभागात सरासरी नऊशे माणसं, त्यातली पोरंसोरं वगळा, मुंबईला गेलेले वगळा, मतदानाला न येणारे वगळा, काय उरतं बघा. वैभववाडीसारख्या ठिकाणी तर त्याहून कमी. म्हणजे ही विधानसभा नाही. इथे हवा वगैरे काही नसते, इथे पंधरा वीस मतांनी माणूस पडतो आणि दोघांची मतं सारखी झाली तर चिठ्ठी काढून निकाल लागतो. म्हणून मी परत परत सांगतो की सगळा खेळ मतदार यादीचा आहे. ज्याला आपल्या प्रभागाची यादी घरागणिक माहितीये तो बिनापैशाचा पण लढू शकतो, आणि ज्याला माहिती नाही त्याने जीप भाड्याने घेऊन स्पीकर लावला तरी तो मतदान नसलेल्या घरांसमोरून फिरत बसणार.

सोडत होईपर्यंत कोणाला शब्द देऊ नका

प्रभाग रचना आधी जाहीर होते, मग आरक्षणाची सोडत. सोडत जाहीर सभेत होते, बहुतेक ठिकाणी शाळेतल्या मुलांच्या हाताने चिठ्ठ्या काढतात, जाऊन बसा, कोणालाही जाता येतं. निम्म्या जागा महिलांसाठी. बरेचदा असं होतं की दादा दोन वर्षं प्रभागात गटार बघत फिरतात आणि सोडतीत जागा महिलेला जाते, मग दादा बायकोला उभी करतात आणि बॅनरवर स्वतःचा फोटो मोठा लावतात. मला हे पटत नाही, पण होतं. वहिनींना खरंच काम करायचं असेल तर त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत फिरवा, सोडतीनंतर नाही. आणि ज्या बायका बचत गटाचं काम करतात त्यांना माझं सांगणं, तुम्हाला दादाची गरज नाहीये, प्रभागातलं प्रत्येक घर तुम्हाला आधीच ओळखतं.

प्रभाग रचनेचा नकाशा नुसता बघू नका, त्याच्या सोबत हद्दीचं वर्णन शब्दात दिलेलं असतं ते वाचा. आपल्याकडे हद्द कुठून जाते? अमक्याच्या बागेपासून व्हाळाने (ओढ्याने) खाली, पाखाडीपर्यंत (चिऱ्यांच्या पायवाटेपर्यंत), तिथून मेन रोडने उत्तरेला. व्हाळाच्या अलीकडची चार घरं इकडे आणि पलीकडची तिकडे, आणि यादी बनवणारा बाहेरून आलेला असला तर त्याला तो व्हाळ पावसाळ्याशिवाय दिसतच नाही. इथेच यादीचा घोळ सुरू होतो.

यादी: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

पहिली गोष्ट जी नव्या माणसाला कोणी सांगत नाही. नगरपंचायतीची वेगळी मतदार नोंदणी नसते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो, एक तारीख ठरवतो (२०२५ ला १ जुलै होती), आणि त्या तारखेला यादीत असलेली नावं प्रभागवार तोडली जातात. म्हणजे त्या तारखेनंतर तुम्ही कितीही धावपळ केली तरी नवीन नाव त्यात येत नाही. शेजारच्या काकूंचा मुलगा १८ चा झालाय आणि तुम्हालाच मत देणारे, पण फॉर्म ६ भरलाच नाही, गेलं मत. म्हणून निवडणुकीच्या वर्षभर आधीच बीएलओला, म्हणजे तुमच्या भागाची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटा, नवीन नावांना फॉर्म ६, पत्ता किंवा नाव दुरुस्तीला फॉर्म ८. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं हमखास माहेरच्या यादीत राहिलेली असतात, ती आधी बघा.

प्रारूप यादी लागली की हरकतींना थोडे दिवस मिळतात, आणि त्या दिवसात नवीन नाव घाला अशी हरकत चालत नाही, फक्त विधानसभेच्या यादीत असूनही इथे सुटलंय, चुकीच्या प्रभागात टाकलंय, लिहिण्यात चूक आहे, एवढंच. तेवढंच पण खूप आहे. यादी विकत घ्या, प्रिंट काढा, आणि दोन माणसं घेऊन घरोघर जा. फोनवर पीडीएफ बघून काही होत नाही, मी सांगतो. प्रत्येक नावापुढे खूण करा: इथे राहतो, मुंबईला, वारला, लग्न होऊन गेली, ओळखत नाही. एक अख्खी आळी शेजारच्या प्रभागात पडलेली असते हे असं फिरल्याशिवाय कळत नाही. हरकत एकेका नावाची वेगळी द्या, पोच घ्या, पोच म्हणजे शिक्का आणि तारीख, साहेबांनी मान हलवली म्हणजे पोच नाही.

आता चाकरमानी. हा आपल्याकडचा खास विषय. नाव इथे पण आणि विरार डोंबिवलीला पण. २०२५ च्या यादीत अशा संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे मारले होते आणि त्या माणसाला कुठे मत देणार ते लिहून द्यावं लागत होतं. तुमच्या घरातल्या माणसाचं नाव दोन ठिकाणी असेल तर त्याला सरळ सांगा की एक ठिकाण ठेव, फॉर्म ७ भरून दुसरं काढ, कारण दोनदा मत देणं हा गुन्हा आहे आणि विरोधक पण याद्या चाळत बसलेलाच असतो. आणि चाकरमानी येतीलच यावर गणित मांडू नका. गणपतीला येतो, शिमग्याला पालखी नाचवायला येतो, पण २ डिसेंबर २०२५ ला मंगळवार होता, कोकण रेल्वेचं वेटिंग बघून निम्मे तिकडेच थांबले असणार. 'आम्ही बस करून देतो' हे तर अजिबात करू नका, मतदारांना फुकट गाडी पुरवणं हा भ्रष्ट मार्ग धरला जातो आणि त्यावरून पुढे निवडच रद्द करायला कोणी कोर्टात जाऊ शकतो.

उभं राहता येतं का ते तपासा

वय २१ पूर्ण. नाव त्या शहराच्या यादीत हवं, तुमच्याच प्रभागात असलं पाहिजे असं नाही, पण सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार, मात्र तुम्ही जिथून लढताय त्याच प्रभागातले हवेत. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर अपात्र, यात पळवाट शोधत बसू नका. नगरपंचायतीचा ठेका तुमच्या किंवा भागीदाराच्या नावावर असेल तर अडचण. बेकायदा बांधकामाचा मुद्दा निवडून आल्यावरसुद्धा पद घालवू शकतो, म्हणजे पडवी वाढवलीत आणि परवानगी नाही, समुद्राच्या बाजूला सीआरझेडमध्ये (बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्टीत) खोल्या काढल्या होमस्टेसाठी, हे सगळं विरोधकाला तुमच्या आधी माहिती असतं.

थकबाकी हा आपल्याकडचा सगळ्यात चिवट प्रश्न. घरपट्टी अजून पणजोबांच्या नावावर, वारस चौदा, त्यातले नऊ मुंबईत, आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने भरली असेल. तुमचं नाव त्या सामाईक घराला लागलेलं असेल तर आधी पूर्ण भरून टाका, चुलत्याकडून नंतर वसूल करा नाहीतर सोडून द्या. पाणीपट्टी पण. दुकानगाळा असेल तर त्याचं भाडं पण. मग थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, आणि तो ऐनवेळी मागू नका, अर्ज भरायच्या आठवड्यात कर विभागासमोर अख्खं गाव उभं असतं.

राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता, म्हणजे तो दाखला पडताळणी समितीने खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र. वैधता हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि मुदतीत आणून देतो असं हमीपत्र चालतं, पण ते मुदतीत आलं नाही तर निवडून आलेलं पद जातं. बायकांच्या बाबतीत एक हमखास गुंता: जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, यादीत नाव सासरचं, आधार कार्डावर तिसरंच स्पेलिंग. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, जुनी लग्नं असतील तर नोंदणीच झालेली नसते, तिथे राजपत्रातला नावबदल किंवा शपथपत्र लागतं आणि त्याला वेळ जातो. दाखला वडिलांच्या बाजूने काढायचा असतो, नवऱ्याच्या जातीचा चालत नाही, हे अजूनही लोकांना सांगावं लागतं.

अर्ज

अर्ज आयोगाच्या वेबसाईटवर भरायचा, प्रिंट काढायची, सह्या करायच्या आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे हातात नेऊन द्यायचा. शेवटच्या दिवशी सर्व्हर रडतो, आणि आपल्याकडे वारा आला तरी लाईट जाते, म्हणून किमान दोन दिवस आधी भरा. एका माणसाला चार अर्ज भरता येतात, चार नको, पण दोन भरा, एकात सूचकाच्या सहीचा लोचा निघाला तर दुसरा उभा राहतो. पक्षाच्या उमेदवाराला सूचक कमी लागतात, अपक्षाला जास्त, अपक्षांनी गरजेपेक्षा दोन जास्तच गाठून ठेवा. सूचकाचा यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अंतिम यादीतून घ्या, प्रारूप यादीतून नाही, दोन्हीत नंबर बदलतात आणि छाननीत नेमकं तेच निघतं. एकाच सूचकाने तुमच्या आणि समोरच्याच्या अशा दोघांच्या अर्जावर सही केली तर काय होतं याचा अनुभव घेऊ नका, सही घेताना तोंडावर विचारा.

पक्षाचं तिकीट असेल तर एबी फॉर्म, म्हणजे तुम्हीच अधिकृत उमेदवार असं पक्षाने लिहून दिलेला कागद. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत तो अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे, मूळ सहीचा, झेरॉक्स नाही, व्हॉट्सॲपवरचा फोटो तर नाहीच. एबी फॉर्म जिल्ह्याच्या ठिकाणाहून गाडीने येतोय आणि घाटात ट्रक उलटलाय अशा गोष्टी दर निवडणुकीत कुठेतरी ऐकू येतात. तिकिटाचं शेवटपर्यंत नक्की नसतं, म्हणून एक अर्ज पक्षाचा आणि एक अपक्ष असा भरून ठेवणारे शहाणे लोक पण असतात, त्यांना कोणी नावं ठेवू नयेत.

शपथपत्र हा भाग नीट वाचा. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सगळं. कुठलाही रकाना कोरा सोडायचा नाही, काही नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहायचं. कोऱ्या रकान्यावरून अर्ज उडतो. सामाईक जमिनीत तुमचा हिस्सा चार गुंठे का असेना, लिहा. बायकोचं सोनं लिहा. आंदोलनात झालेली केस लिहा, ती काही लाज वाटायची गोष्ट नाही, लपवली तर मात्र आहे. शौचालय वापराचं प्रमाणपत्र, अनामत रकमेची पावती, निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं. खातं उघडायला पण बँकेत रांग असते, लवकर जा.

छाननीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि जमलं तर वकील सोबत न्या. अर्ज मंजूर किंवा नामंजूर झाला त्यावर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, पण मुदत अगदी थोडक्या दिवसांची असते, म्हणून लेखी आदेशाची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. या अपिलांचं वजन किती असतं ते २०२५ ला सगळ्या राज्याने बघितलं: काही ठिकाणी अपिलांचे निकाल उशिरा लागले म्हणून तिथलं मतदान २ डिसेंबरवरून २० डिसेंबरला गेलं, आणि बाकीच्यांची पण मतमोजणी ३ ऐवजी २१ डिसेंबरला झाली. तेवढे दिवस उमेदवार लोक नुसते स्ट्राँगरूमकडे बघत बसले होते.

माघारीच्या दिवशी फोन बंद ठेवायचा नाही, पण कोणाच्या घरी चहाला पण जायचं नाही. एवढंच.

चिन्ह. पक्षवाल्यांचा प्रश्न नाही. अपक्षांनी असं चिन्ह मागा जे आजीला पण एका शब्दात सांगता येतं. कपबशी, छत्री, नारळ यावर उड्या पडतात, म्हणून दुसरी तिसरी पसंती पण विचार करून लिहा.

प्रचार, म्हणजे पायपीट

आपल्याकडे सुरुवात ग्रामदेवतेला नारळ ठेवून आणि गाऱ्हाणं घालून होते, व्हय म्हाराजा झालं की माणसाला बरं वाटतं, ते जरूर करा, फक्त देवळात बसून मतं मागू नका, देवाच्या नावाने शपथा घ्यायला लावू नका, आचारसंहितेत ते बसत नाही. आणि मानपान सांभाळा, मानकऱ्यांना आधी कळवा, नाहीतर पहिल्याच दिवशी एक आळी रुसते.

मग घरं. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ नंतर, दुपारी कोणाच्या दारात जायचं नाही, माणसं जेवून लवंडलेली असतात. मच्छीमार वाडीत वेळ वेगळी, तिथे बोटी कधी येतात ते विचारून जा, लिलाव चालू असताना कोणी तुमचं ऐकणार नाही. मोहल्ल्यात शुक्रवारची दुपार टाळा. सिंधुदुर्गात पहिला प्रश्न ठरलेला: "कोणाचो रे तू?" याचं उत्तर पक्षाचं नाव नाही. आजोबांचं नाव, वाडी, आणि काय संबंध ते सांगायचं, मग खळ्यात खुर्ची येते. दोन मिनिटं बोला, दहा मिनिटं ऐका, आणि जे ऐकलं ते वहीत घराच्या नंबरापुढे लिहा, त्यांच्यासमोर लिहा. मघाशी यादी घरागणिक केली ना, तीच वही.

काय ऐकू येईल ते पण सांगून ठेवतो: पाणी एक दिवसाआड आणि ते पण पहाटे, पाखाडीचे चिरे निखळलेत, गटारावर झाकण नाही, पथदिवा गणपतीपासून बंद, मोकाट गुरं, माकडं, स्मशानभूमीच्या शेडला पत्रे नाहीत. हे सगळं नगरपंचायतीचं काम आहे, १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा आहे त्यात पाणी, दिवाबत्ती, गटारं, स्मशान, जन्ममृत्यू नोंद ही कर्तव्यंच सांगितलीत. पण मुंबई-गोवा हायवेचा खड्डा तुमचा नाही, वीज महावितरणची, एसटी स्टँड महामंडळाचं, धूपप्रतिबंधक बंधारा दुसऱ्याच खात्याचा. तिथे 'मी करून देतो' म्हणू नका, 'पाठपुरावा करतो' म्हणा. लोकांना फरक कळतो. पत्रकात दहा मुद्दे छापण्यापेक्षा प्रभागातली तीन ठिकाणं नावानिशी लिहा, अमक्या घरापासून अमक्या विहिरीपर्यंतचं गटार, असं, ते वाचणाऱ्याला स्वतःचं दार दिसतं.

गावाचा मोठा प्रश्न असेल तर त्याचा अभ्यास हवाच. चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर झाल्यापासून वाशिष्ठी नदीतला गाळ आणि निळी-लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा) यावर ज्याला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत त्याने बाजारपेठेत मत मागायला जाऊ नये. तसंच राजापूरला जवाहर चौकात अर्जुना-कोदवली नद्यांचं पाणी, रत्नागिरीला शीळ धरणाचं पाणी. आणि कोणी म्हणालं की छोट्या नगरपरिषदेने काय होतं, तर त्याला वेंगुर्ल्याचं उदाहरण द्या, कचरा घरातच वेगवेगळा करायला लावून त्यांनी डम्पिंग ग्राउंड असं केलं की बाहेरगावचे लोक बघायला येतात. ते काही मोठ्या बजेटने झालं नाही, रोज सकाळी गाडीमागे फिरून झालं.

समोरच्याबद्दल वाईट बोलू नका, हे मी नीतिमत्ता म्हणून सांगत नाहीये. प्रभाग एवढा लहान आहे की तो तुमच्या मावशीच्या दिराचा कोणीतरी निघणारच.

पैसा आणि हिशोब

२०२५ ला आयोगाने मर्यादा वाढवली. नगरपंचायत सदस्याला २ लाख २५ हजार, 'क' वर्ग नगरपरिषदेच्या सदस्याला २ लाख ५० हजार, 'ब' वर्गाला ३ लाख ५० हजार. थेट नगराध्यक्षाला नगरपंचायतीत ६ लाख, 'क' ला साडेसात, 'ब' ला सव्वा अकरा. ही मर्यादा आहे, एवढे खर्चच करायला पाहिजेत असं नाही! पुढच्या वेळी आकडे बदलू शकतात, जाहीर होतील तेव्हा बघा.

निवडणूक निर्णय अधिकारी दरपत्रक लावतो, चहा एवढ्याला, वडापाव एवढ्याला, खुर्ची, मांडव, रिक्षा, सगळ्याचा दर. तुम्हाला मित्राने मांडव फुकट दिला तरी तो त्या दराने तुमच्या खर्चात धरला जातो. म्हणून एक माणूस फक्त हिशोबाला ठेवा, असा जो प्रचारात फिरत नाही, कॉलेजला अकाउंट्स केलेली भाची असेल तर उत्तम. रोजचा खर्च रोज लिहायचा, मुदतीत द्यायचा. पत्रकावर छापणाऱ्याचं नाव, प्रकाशकाचं नाव आणि प्रती किती हे असलंच पाहिजे, प्रेसवाल्याला आठवण करा. बॅनरला, गाडीला, सभेला, स्पीकरला परवानगी, आणि स्पीकर रात्री १० ला बंद.

आता पाकीट. विचारणारे लोक असतात, खोटं कशाला बोलू, शेवटच्या दोन रात्री काही घरं लाईट चालू ठेवून बसतात. नव्या माणसाने त्यात पडू नये, गुन्हा आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे पैसेवाला त्या खेळात तुमच्यापेक्षा कायम पुढे असणार. तुमच्याकडे वही आहे. ज्या घरी तुम्ही चारदा गेलात, ज्यांचं फॉर्म ८ चं काम तुम्ही करून दिलंत, ते घर पाकीट घेईल आणि मत तुम्हाला देईल, असं पण होतं, कोकणी माणूस आहे.

मतदानाचा दिवस

२०२५ ला वेळ सकाळी ७:३० ते संध्याकाळी ५:३० होती. मतदान प्रतिनिधी असा निवडा जो प्रभागातल्या माणसांना चेहऱ्याने ओळखतो, वकील नको, पोस्टमन टाईप माणूस पाहिजे (सरकारी नोकर मात्र बसवता येत नाही, म्हणून 'टाईप' म्हटलं). तो मतदान सुरू व्हायच्या आधी पोचला पाहिजे, कारण अभिरूप मतदान, म्हणजे मशीन तपासायला घेतलेलं नमुना मतदान, आधी होतं, ते बघायचं, मशीनचा नंबर आणि सीलचा नंबर लिहून घ्यायचा. या निवडणुकीत व्हीव्हीपॅट (मत कोणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) नसतं, चिठ्ठी दिसत नाही, त्यामुळे हे नंबर लिहिणं जास्तच महत्त्वाचं. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार नाही, चिन्हाची टोपी उपरणं नाही.

वयस्कर माणसांना आधीच समजवा की नगरपंचायतीत दोन मतं, एक नगराध्यक्षाचं आणि एक सदस्याचं, नगरपरिषदेत दोन सदस्यांचा प्रभाग असेल तर तीन. पुठ्ठ्याचं नमुना मशीन करून दाखवलं तर लगेच कळतं. एक मत देऊन आजी बाहेर यायला निघतात आणि मशीन अडकून राहतं, हे दर वेळेला.

बाहेरच्या टेबलावर तुमची तीच यादी. कोण येऊन गेलं त्यावर रेघ. दुपारी २ ला बघायचं कोण राहिलं, आणि त्यांच्या घरी माणूस पाठवायचा, गाडी नाही, माणूस.

निकालानंतर

मतमोजणीला प्रतिनिधी पाठवताना त्याच्याकडे ते नंबर लिहिलेला कागद द्या. हरलात तरी चालेल पण खर्चाचा हिशोब निकालापासून ३० दिवसांच्या आत द्यायचाच आहे, हरलेल्यांनी पण, माघार न घेता लढलेल्या प्रत्येकाने. पडलेला माणूस वैतागून घरी बसतो आणि हिशोब देत नाही, मग आयोग अपात्र ठरवू शकतो आणि पुढची निवडणूक पण हातची जाते.

निवडून आलात तर मिरवणूक एक दिवस. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन मागच्या दोन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं आणि चालू वर्षाचं अंदाजपत्रक मागा, लेखी मागा. तुमच्या प्रभागातलं कुठलं काम मंजूर होऊन पडलंय ते त्यातच असतं, कधी कधी तेच गटार दोनदा मंजूर झालेलं असतं. सही मुख्याधिकाऱ्याची, म्हणजे कार्यालयाच्या सरकारी प्रमुखाची, चालते, तुमची नाही, आमदारासारखा तुमच्या हातात ठरलेला निधी नसतो, म्हणून सभेत विषय कसा लावायचा, ठरावाचा शब्द कसा लिहायचा हे आधी शिका. आणि चार वर्षांनी होणारी घरपट्टीची फेरआकारणी कधी आहे ते विचारून घ्या, ती तुमच्याच काळात येत असेल तर हरकतींची मुदत काय आहे ते तुम्ही लोकांना सांगा, नोटीस दारावर चिकटायच्या आधी. वही ठेवून द्या जपून, सुनांचे फॉर्म ८ अजून राहिलेले असतील.